बिजागरीचे रिव्हॉल्वर

शस्त्रास्त्रांचा विषय कौटुंबिक मासिकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. परंतु ज्या वस्तूने आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात राज्यकर्त्यांची सत्ता लोकांच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष उभी केली, आणि जिचा वारसा पुढे कानपूरच्या कारखान्यापर्यंत येऊन पोहोचला, त्या वस्तूची हकीकत केवळ शिपायांपुरती राहत नाही. ती वस्तू म्हणजे ब्रिटिश लष्कराचे, नळी खाली वाकवून उघडावयाचे रिव्हॉल्वर. पलटणीचा कप्तान किंवा गोरा पोलीस अधिकारी यांच्या कमरेला झाकणाच्या चामडी पिशवीत जे हत्यार असे, ते पुष्कळदा याच जातीचे. मुठीच्या तळाशी एक कडी, तिच्यात ओवलेली जाड दोरी आणि चौकटीच्या डाव्या अंगाला अंगठ्याने दाबावयाचा खटका, या त्याच्या ओळखीच्या खुणा.

या हत्याराचे मोल ठरले ते त्यातून गोळी किती जोराने सुटते यावरून नव्हे. सहा गोळ्या संपल्यानंतर ते पुन्हा किती लवकर तयार होते, यावरून ठरले. या एका गुणापायी ब्रिटिश लष्कराने ते पाऊणशे वर्षे सोडले नाही. आणि गंमत अशी की, ज्या बिजागरीने त्याला हा गुण दिला, तिनेच त्याच्या सामर्थ्याला मर्यादाही घातली.

सहा गोळ्या संपल्यावर

रिव्हॉल्वर म्हणजे फिरत्या चक्राचे पिस्तूल. चक्रात बहुधा सहा घरे असतात. प्रत्येक बाराला चक्र एक घर पुढे सरकते आणि नवी गोळी नळीच्या तोंडाशी येते. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने आपली रिव्हॉल्वरे मांडली, तेव्हा त्याच्यासमोर इंग्रज कारागीर रॉबर्ट ॲडम्स याचे रिव्हॉल्वर होते. कोल्टच्या हत्याराचा घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. ॲडम्सच्या हत्याराचा चाप नुसता ओढला की घोडा आपोआप चढे आणि पडे. फ्रेडरिक बोमाँ नावाच्या इंजिनिअर पलटणीच्या तरुण लेफ्टनंटाने क्रिमियाच्या युद्धाचा अनुभव घेऊन यात सुधारणा केली. घोडा अंगठ्यानेही चढविता यावा आणि चापानेही, अशी ती योजना. हे बोमाँ-ॲडम्स रिव्हॉल्वर १८५६ मध्ये ब्रिटिश लष्करात आले.

परंतु या सर्व हत्यारांत दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरावी लागे. सगळे बार झाले की गडी पुन्हा मिनिटाच्या हिशेबात अडकला. पुढे पितळी काडतूस निघाले, तरी अडचण पुरती सरली नाही. १८७२ च्या सुमारास लष्कराने घेतलेल्या ॲडम्सच्या काडतुसी रिव्हॉल्वरात बाजूची लहानशी झडप उघडून, दांड्याने एकेक रिकामी पुंगळी मागे ढकलून काढावी लागे आणि त्याच झडपेतून एकेक नवे काडतूस आत सारावे लागे. घोड्यावर बसलेल्या आणि एका हाती लगाम धरलेल्या स्वाराला हे जमणार कसे? रिव्हॉल्वर तर हातघाईच्या प्रसंगाचे हत्यार. शत्रू पाच-दहा पावलांवर आलेला असताना दांड्याने पुंगळ्या ढकलीत बसण्यास सवड कोठली?

उत्तर प्रथम अमेरिकेतून आले. १८७० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने असे रिव्हॉल्वर बाजारात आणले की ज्याची नळी आणि चक्र खालच्या बिजागरीवर पुढे वाकत आणि वाकता वाकता सर्व पुंगळ्या एकदम बाहेर फेकल्या जात. रशियाच्या झारने आपल्या फौजेसाठी ती मोठ्या संख्येने विकत घेतली. इंग्लंडमधील कारागिरांचे लक्ष तिकडे गेले नसते तरच नवल.

एनफिल्डची अर्धी युक्ती

१८८० मध्ये एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने स्वतःचे उघडणारे रिव्हॉल्वर काढले आणि दोन वर्षांनी त्याची सुधारलेली आवृत्ती आणली. त्याची नळी खाली वाकविली की चक्र पुढे सरके आणि मागे राहिलेली चकती पुंगळ्यांना धरून ठेवी. मग त्या आपल्या वजनाने खाली पडाव्यात अशी अपेक्षा. वरच्या पुंगळ्या पडत, खालच्या मात्र अडकून बसत. शिवाय नवी काडतुसे भरावयाची ती पूर्वीप्रमाणेच बाजूच्या झडपेतून, एकेक करून. म्हणजे घर रिकामे करण्याची अर्धीमुर्धी सोय झाली, भरण्याची झालीच नाही. हत्यार जड, गुंतागुंतीचे आणि अधिकाऱ्यांच्या नावडीचे ठरले.

या नावडीला त्या काळची एक पद्धत फार उपकारक झाली. ब्रिटिश अधिकारी आपले रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने विकत घेत. त्यात सरकारी काडतूस बसले पाहिजे, एवढीच मुख्य अट असे. साहजिकच ज्याला आपला जीव त्या हत्यारावर टाकावयाचा आहे, तो सरकारी शिक्क्यापेक्षा खासगी कारागिराच्या कौशल्याकडे पाही. बर्मिंगहॅमच्या वेब्ली घराण्याची भरभराट या पारखी गिऱ्हाइकांवर झाली.

वेब्लीचे उत्तर

८ नोव्हेंबर १८८७ रोजी ब्रिटिश सरकारने वेब्लीचे रिव्हॉल्वर सेनेसाठी अधिकृतपणे स्वीकारले. पहिली मागणी दहा हजार नगांची होती. दर नगामागे तीन पौंड, एक शिलिंग आणि एक पेनी. त्यातील निदान दोन हजार नग आठ महिन्यांत पुरे करावयाचे. गोळीचा व्यास ०.४५५ इंच, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर. गोळी जड आणि तिचा वेग बेताचा.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. चौकटीच्या पुढच्या खालच्या टोकाशी बिजागरी. वरच्या बाजूस, घोड्याच्या अगदी पुढे, रिकिबीच्या आकाराची मजबूत पोलादी कडी. ती नळीच्या मागच्या टोकाला चौकटीशी जखडून ठेवते. डावीकडचा खटका अंगठ्याने दाबला की कडी मागे सरते आणि नळी खाली वाकविता येते. ती वाकू लागताच चक्राच्या मध्यातून चांदणीच्या आकाराची चकती वर येते आणि सहाही पुंगळ्यांच्या कडांना धरून त्यांना एकदम वर उचलते. नळी पुरती वाकली की पुंगळ्या बाहेर पडतात आणि चांदणी टपकन आपल्या जागी परत बसते. आता सहा घरे समोर उघडी; त्यांत काडतुसे टाकावयाची आणि नळी वर उचलून मिटावयाची. कडी पुरती बसली नसेल तर घोडा काडतुसापर्यंत पोहोचूच शकत नाही, म्हणजे अर्धवट मिटलेले हत्यार चुकून उडण्याचे भय नाही. ज्याने हे यंत्र योजिले, त्याने घाबरलेल्या माणसाचा थरथरता हात डोळ्यांपुढे ठेवला होता, असेच म्हणावे लागेल.

याच १८८७ सालाच्या अखेरीस, मद्रास येथे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले होते. तेथे एक प्रश्न निघाला तो शस्त्रबंदीच्या कायद्याचा. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये झालेल्या या कायद्याने हिंदी माणसाला हत्यार बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला होता आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली होती. तरुण बिपिनचंद्र पाल यांनी त्या कायद्याविरुद्ध जोरदार भाषण केले. एकीकडे बर्मिंगहॅमला नव्या रिव्हॉल्वरची मागणी नोंदविली जात होती आणि दुसरीकडे, ज्या देशात ते मिरवावयाचे, त्या देशाचे प्रतिनिधी आमच्या हाती हत्यार का नाही, असे विचारीत होते. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, आणि आमच्या मते त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

गोळीचा वाद

वेब्लीच्या लागोपाठ आवृत्त्या निघाल्या. १८९४ च्या सुमारास दुसरी, १८९७ मध्ये तिसरी आणि १८९९ मध्ये चौथी. ही चौथी बोअर युद्धाच्या नावाने ओळखली जाते. यंत्रात फरक थोडे होते. वाद माजला तो गोळीवरून.

वायव्य सरहद्दीवरील मोहिमांत इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती की, धातूच्या आवरणाची नवी बंदुकीची गोळी धावत येणाऱ्या माणसाच्या अंगातून आरपार जाते, पण त्याला थांबवीत नाही. त्यावर १८९६ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे आवरण काढलेली गोळी तयार केली. ती शरीरात शिरताच पसरे आणि भयंकर जखम करी. ‘डमडम’ हे आपल्या देशातील एका गावाचे नाव जगाच्या कोशांत गेले ते असे. रिव्हॉल्वरसाठीही १८९८ मध्ये पुढून पोकळ असलेली गोळी निघाली. ‘माणूस थांबविणारी’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ती ओळखली जाई.

१८९९ मध्ये हेग येथे राष्ट्रांची परिषद भरली आणि अंगात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा प्रश्न निघाला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. सुधारलेल्या देशाचा शिपाई जखमी झाला की थांबतो, ‘रानटी’ माणूस मात्र थांबत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. परिषदेने बंदी घातलीच. पण तो करार सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरताच बंधनकारक होता. ज्यांच्यावर या गोळ्या झाडल्या गेल्या, त्या सरहद्दीवरील किंवा आफ्रिकेतील लोकांना त्या परिषदेत जागा नव्हती आणि करारात संरक्षणही नव्हते. पोकळ टोकाची रिव्हॉल्वरची गोळी लष्कराने १९०० मध्ये मागे घेतली आणि हेगच्या घोषणेत ब्रिटन १९०७ मध्ये सामील झाले. परंतु माणसामाणसांत भेद करणारे ते युक्तिवाद कागदोपत्री राहिले आहेत, आणि या हत्याराचा इतिहास लिहिताना ते गाळता येणार नाहीत.

खंदकातील चिखल

२४ मे १९१५ रोजी वेब्लीची सहावी आवृत्ती स्वीकारली गेली. हीच सर्वांत प्रसिद्ध. सहा इंचांची नळी, पूर्वीच्या बाकदार मुठीऐवजी सरळ चौकोनी मूठ आणि वजन सुमारे अकराशे ग्रॅम. पहिले महायुद्ध फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत रुतून बसले होते. अरुंद वळणांच्या त्या खाचरांत लांब बंदूक फिरविणे अवघड. रात्रीच्या छाप्यात रिव्हॉल्वर अधिक कामाचे. चिखलाने माखले तरी वेब्ली चालते, अशी त्याची ख्याती झाली. एखादे काडतूस उडाले नाही तरी काही बिघडत नसे. चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येई.

या काळातील दोन जोडसामाने मोठी चमत्कारिक आहेत. एक, प्रिडो याने योजिलेले भरणीचे साधन. सहा काडतुसे गोल चकतीत अडकवून ठेवावयाची आणि उघडलेल्या चक्रावर दाबताच सहाही एकदम आत बसावयाची. उघडण्याच्या युक्तीला भरण्याची ही जोड मिळाली, तेव्हा वेब्लीचे मूळ उद्दिष्ट पुरे झाले. दुसरे, कॅप्टन प्रिचर्ड यांची संगीन. जुन्या फ्रेंच संगिनीचे पाते कापून ते रिव्हॉल्वरच्या नळीखाली बसविण्याची ही कल्पना. लष्कराने ती अधिकृतपणे कधीच घेतली नाही, अधिकारी आपल्या खर्चाने घेत. गोळ्या संपल्यावर काय, हा प्रश्न माणसाला किती छळत असेल याची कल्पना त्या पात्यावरून येते.

येथे हिंदुस्थानात सेवा केलेल्या आणखी एका गृहस्थाचे नाव घेतले पाहिजे. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबरी हे बंगालच्या सैन्यातील अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्यांनी १८९५ मध्ये अशा रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले की, बाराच्या धक्क्याने नळी आणि चक्र मागे सरकावे, घोडा आपोआप चढावा आणि चक्र फिरावे. वेब्ली कंपनीने ते १९०१ पासून बनविले. नेमबाजीच्या मैदानावर ते नावाजले. खंदकातील मातीपुढे मात्र त्याच्या उघड्या खाचा टिकल्या नाहीत. लष्कराने ते स्वीकारले नाही.

इकडे आपल्या देशातील क्रांतिकारकांची निवड वेगळी होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. ते पिस्तूल सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. चपटे, कपड्यांत सहज लपणारे ते नवे हत्यार. वेब्ली कमरेला उघडपणे मिरविण्याचे, ब्राउनिंग लपविण्याचे. राज्यकर्ता आणि बंडखोर यांच्यातील भेद हत्यारांच्या आकारातही उतरला होता.

लहान गोळी, मोठे भांडण

युद्ध संपल्यावर लष्कराने हिशेब मांडला. .४५५ चे हत्यार जड, त्याचा धक्का मोठा. नव्या रंगरुटाला ते शिकविण्यास फार वेळ आणि फार काडतुसे लागतात. तेव्हा .३८ ची, पण दोनशे ग्रेन म्हणजे सुमारे तेरा ग्रॅम वजनाची गोळी घ्यावी असे ठरले. वेब्ली कंपनीने त्या मापाचा नमुना तयार करून लष्करी अधिकाऱ्यांपुढे ठेवला. अधिकाऱ्यांनी तो पाहिला, तपासला, आणि पुढे एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात त्याच्याशी फार मिळतेजुळते रिव्हॉल्वर बनवून १९३० नंतर तेच सैन्यात आणले. वेब्लीने संशोधनाच्या खर्चापोटी २,२५० पौंड मागितले. आराखडा आमच्याच अधिकाऱ्याचा, असे एनफिल्डचे उत्तर. प्रकरण शोधकांना पारितोषिके देणाऱ्या शाही आयोगापुढे गेले आणि वेब्लीच्या पदरात १,२५० पौंड पडले. सरकारशी व्यवहार करणाऱ्या कारखानदारांना या अनुभवात नवे काही वाटणार नाही.

१९३८ मध्ये या एनफिल्डच्या घोड्याचे बाहेर आलेले टोक कापून टाकण्यात आले, कारण रणगाड्याच्या अडचणीच्या जागेत ते कोठेतरी अडके. त्याच सुमारास उघड्या शिशाची दोनशे ग्रेनची गोळी जाऊन धातूच्या आवरणाची, थोडी हलकी गोळी आली. हेगच्या कराराची आठवण आता युरोपातील युद्धाच्या छायेत झाली होती. दुसऱ्या महायुद्धात एनफिल्डची निपज अपुरी पडली, तेव्हा ज्याचा नमुना बाजूला सारला होता, त्या वेब्लीचेच .३८ रिव्हॉल्वर सरकारला हजारोंनी घ्यावे लागले. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांच्याही कमरेला या युद्धात ही .३८ ची रिव्हॉल्वरे होती.

बिजागरीची मर्यादा

मग हे हत्यार मागे का पडले? त्याचे उत्तर त्याच्या बिजागरीत आहे. ज्या हत्याराची चौकट एकसंध असते, तिला बाराचा ताण सर्व बाजूंनी सारखा पेलता येतो. वेब्लीची चौकट मात्र दोन तुकड्यांची. खाली बिजागरीची खीळ आणि वर कडी, या दोहोंवर सगळा भार. जड, मंद गोळीचा सौम्य दाब ती वर्षानुवर्षे पेलते. जोरकस दारू भरली की सांधा ढिला होऊ लागतो. युद्धानंतर शिलकी वेब्ली रिव्हॉल्वरे अमेरिकेत स्वस्तात विकली गेली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी चक्राची मागची बाजू तासून त्यांत अमेरिकन लष्करी पिस्तुलाची काडतुसे बसविली. त्या काडतुसांचा दाब इतका अधिक होता की, जाणकार आजही अशा हत्यारापासून दूर राहण्याचा इशारा देतात.

दरम्यान कोल्टने १८८९ मध्ये आणि स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये दुसरा मार्ग काढला होता. चौकट एकसंध ठेवावयाची आणि चक्र तेवढे बाजूला काढावयाचे. ही तडजोड टिकली. शेवटी रिव्हॉल्वरच मागे पडले. मुठीत तेरा गोळ्या मावणारे ब्राउनिंग पिस्तूल १९५० नंतर ब्रिटिश सैन्यात आले आणि १९६३ पर्यंत बिजागरीच्या रिव्हॉल्वरने लष्कराचा निरोप घेतला. वेब्ली कंपनीने १९७९ मध्ये बंदुका-रिव्हॉल्वरे बनविणे थांबविले. एनफिल्डचा सरकारी कारखाना १९८८ मध्ये बंद झाला.

कानपूरचा वारसा

आणि तरीही ही जात नाहीशी झाली नाही. तिला आश्रय मिळाला तो आपल्या देशात. स्वतंत्र भारताने १८७८ च्या कायद्याच्या जागी १९५९ चा शस्त्र कायदा केला. त्यात वंशभेद गेला, परवाना राहिला. लष्करी मापाची, म्हणजे .३८ आणि .४५५ ची, हत्यारे ‘प्रतिबंधित बोअर’ या वर्गात पडली. सामान्य नागरिकाला मोकळे राहिले ते .३२ चे माप. त्या मापात सरकारी आयुध निर्माणीने कानपूरला जे रिव्हॉल्वर काढले, ते वेब्लीच्या .३८ चेच भावंड. तीच बिजागरी, तीच चांदणी. त्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत आली आहेत. .३२ च्या या काडतुसाचा दाब सौम्य असल्यामुळे जुन्या सांध्यावर ताणही पडत नाही. म्हणजे जी मर्यादा लष्कराला जाचली, ती कायद्याने आखलेल्या या मापाला अडचणीची झालीच नाही.

दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर, २०१४ मध्ये कानपूरनेच स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे सुमारे पाचशे ग्रॅमचे हलके रिव्हॉल्वर काढले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. हत्याराने स्त्री सुरक्षित होते काय, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. आमचे मत विचाराल तर, ज्या समाजात स्त्रीने सव्वा लाखाचे हत्यार पर्समध्ये बाळगून घराबाहेर पडावे लागते, त्या समाजाने आधी आपली तपासणी केली पाहिजे.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. संस्थानी किंवा सरकारी नोकरीतील एखाद्या पूर्वजाचे असे रिव्हॉल्वर आपल्यापैकी काही घरांत वारशाने आले असेल. परवानाधारक वारला की त्याचा परवाना घराला आपोआप लागू होत नाही. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे ते हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक हत्यारे ठेवता येत नाहीत, हेही ध्यानात असावे. कपाटाच्या तळाशी, जुन्या कागदांखाली ते पडू देणे सर्वांत वाईट. घरातील पोरांना नळी वाकविण्याचा मोह होतो, आणि चक्र रिकामे आहे की भरलेले, हे उघडून पाहीपर्यंत कोणालाच ठाऊक नसते.